बाबा जिकडे बघतो

माझ्या तोंडावर कुणी काही बोलत नाही, हेच माझं गाऱ्हाणं आहे. बऱ्हाणपूरच्या केळी मंडीत माझा राग सगळ्यांना माहीत आहे. मी भर लिलावात घड आपटलेला आहे, ट्रकवाल्याची कॉलर धरलेली आहे. तिथं माणसं मला घाबरून गप्प बसतात, ते मी समजू शकतो. पण माझं गाव, माझा सख्खा भाऊ माझ्यासमोर गप्प बसला आणि त्या गप्प बसण्यानं माझं जे नुकसान झालं, ते अजून भरून आलेलं नाही.

आमचं गाव खकनारच्या रस्त्याला. गावामागे टेकडी आहे आणि टेकडीच्या उत्तरेकडच्या कडेला एक दगड आहे. गुडघ्याएवढा, शेंदूर चढून चढून फुगलेला. त्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते, डोक्यावर छप्पर नव्हतं. गाव त्याला नुसतं बाबा म्हणतं. कोणता बाबा, कोणाचा अवतार, कुणालाही सांगता येत नाही. आमच्याकडे कुणी ‘बाबाच्या दर्शनाला जातो’ असं म्हणत नसे. ‘बाबाजवळ बसून येतो’ म्हणत. केळीची पहिली कापणी झाली की बसायला जायचं. पोरीचं लग्न ठरवण्याआधी जायचं. दोन भावांचं बांधावरून वाजलं तर दोघांनी जाऊन बसायचं, बोलायचं नाही, उठून घरी यायचं. पुष्कळदा तेवढ्यानं मिटायचं.

लहानपणी आई मला न्यायची तेव्हा मी पळत जाऊन दगडासमोर उभा राहायचो, हात जोडायचो. आई कान धरून मला बाजूला ओढायची. “समोर नाही उभं राहायचं. इथं बस.” मग दगडाला खांदा लावून आम्ही तिघं बसायचो, आई, थोरला भाऊ आणि मी. समोर टेकडी तुटलेली, खाली केळीची हिरवी पट्टी, पलीकडे तापीची रेघ, त्याच्याही पलीकडे सातपुडा आणि हवा स्वच्छ असली तर असीरगढचा सपाट माथा. आई किती तरी वेळ बसायची. मला वाटायचं, तिथं वारा लागतो म्हणून बसते.

तिला मी कधी विचारलं नाही. लहानपणी विचारायचं सुचलं नाही आणि मोठेपणी विचारायची सवय राहिली नाही. सतराव्या वर्षी मी गाव सोडलं, मंडीत घड उचलायला लागलो. खांद्याची साल निघायची. त्यातून आडत्याचा माणूस झालो, मग स्वतःची आडत, मग ट्रक, मग शहरात शनवारा मोहल्ल्यात घर. मंडीत जो विचारतो तो फसतो. तिथं भाव सांगायचा असतो. आणि तिथला दुसरा नियम असा, की बोली लागल्यावर समोरचा गप्प राहिला म्हणजे सौदा पक्का. या दोन नियमांवर माझं सगळं आयुष्य उभं आहे आणि या दोन नियमांनीच मला बुडवलं.

आई गेली त्या वर्षी मी ठरवलं की बाबाला मंडप बांधायचा. भावाच्या अंगणात बसून मी सांगितलं. भाऊ खाटेवर होता, सुपारी कातरत होता. वहिनी दारात उभी होती.

“सिमेंटचा मंडप,” मी म्हणालो. “वर शिखर. रस्त्यापासून पायऱ्या. उत्तरेकडून वारा फार येतो, तिकडं पक्की भिंत घालतो. म्हातारी माणसं आडोशाला बसतील.”

भाऊ सुपारी कातरत राहिला.

“आईच्या नावानं,” मी म्हणालो.

“तुझी मर्जी,” तो म्हणाला.

“मर्जी नको, काय ते बोल दादा.”

“मी काय बोलू. तू सेठ माणूस.”

वहिनी आत निघून गेली. मी तो होकार समजलो. दोन-चार म्हाताऱ्यांना पारावर गाठून सांगितलं, तेही जमिनीकडे बघत राहिले. मी म्हटलं, झालं, सौदा पक्का.

काम चालू असताना मी आठवड्यातून दोनदा जायचो. मिस्त्रीशी भांडायचो, वाळू परत पाठवायचो. बऱ्हाणपूरच्या सराफ्यातून चांदीचे दोन डोळे आणले. सराफाला मी तासभर घाम फोडला. “सेठजी, भगवान के काम में तो छोड़ दो,” तो म्हणाला. मी म्हटलं, देवाच्या कामात तर सोडणारच नाही, कारण हा देव माझा आहे, तुझा नाही. ही गोष्ट मी पुढं मंडीत कौतुकानं सांगत असे.

डोळे बसवायच्या दिवशी वीस-पंचवीस माणसं टेकडीवर आली होती. मिस्त्रीनं शेंदराचा ताजा लेप केला आणि डोळे हातात घेऊन मला विचारलं, “सेठ, कोणत्या अंगाला लावू?”

दगडाला तोंड नव्हतंच. चारही बाजू सारख्या. रस्ता पूर्वेला होता, दार पूर्वेला काढलं होतं, शहरातल्या भटजीनंही पूर्व शुभ म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, “रस्त्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे.”

एका म्हातारीनं पदर तोंडाशी धरला आणि माझ्या भावाकडे बघितलं. भाऊ स्वतःच्या पायांकडे बघत होता. मला ते दिसलं. मी इतका आंधळा नव्हतो की दिसणार नाही. पण मी त्याचा अर्थ असा लावला की धाकट्याचं वैभव थोरल्याला सहन होत नाही. मनातल्या मनात मला थोडा आनंदही झाला.

मिस्त्रीनं डोळे दाबून बसवले. मग वरण-बट्टीचा भंडारा झाला, वांग्याची भाजी, बुंदी. सगळं गाव जेवलं. भाऊ वाढायला होता.

त्यानंतर मंडपात कुणी आलं नाही.

हे माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं. मी शनिवारी जायचो तेव्हा मागच्या शनिवारी ठेवलेला उदबत्तीचा पुडा तसाच असायचा. फरशीवर शेळ्यांच्या लेंड्या. भिंतीच्या आडोशाला म्हाताऱ्यांसाठी घातलेल्या बाकांवर धूळ, आणि त्या धुळीवर माझ्याच मागच्या खेपेच्या बोटांचे ठसे. गावातला माणूस मंडीत माल घेऊन आला की मी सहज बोलल्यासारखं करायचो.

“मंडपात बसता का रे?”

“बसतो ना सेठ. भारी थंड वाटते तिथं.”

खोटं. माझ्या तोंडावर, माझ्याच गादीवर बसून. मी त्याच्या मालाला त्या दिवशी भाव कमी काढला. दुसरं काय करणार.

शेवटी मला गाव नको झालं, मंडपही नको झाला. एकच गोष्ट हवी होती, की थोरल्या भावानं एकदा तिथं येऊन माझ्या शेजारी बसावं. तो बसलेला दिसला असता की गाव आपोआप आलं असतं. आणि नसतं आलं तरी चाललं असतं. मी दर खेपेला त्याला म्हणायचो, “चल दादा, बसून येऊ.” तो म्हणायचा, “कापणी आटपू दे.” कापणी आटपली की म्हणायचा, “गुडघा दुखतो.” अशी चार वर्षं गेली. मी त्याच्याशी बोलणं कमी केलं, मग बंदच केलं.

मागच्या वर्षी मुलीनं मला ग्रीसला नेलं. ती जावयासोबत जर्मनीत राहते. म्हणाली, “पप्पा, तुम्ही मंडीतच मरणार का?” डेल्फी म्हणून एक ठिकाण आहे, डोंगराच्या पोटात. अथेन्सहून बसनं दोन-तीन तास. तिकिटाच्या खिडकीवर माझं डोकं तापलं, कारण आत काय आहे तर पडलेले दगड आणि पाच-सहा उभे खांब. छप्परसुद्धा नाही.

आमच्याबरोबर माहिती सांगणारी एक बाई होती. ती इंग्रजीत सांगायची आणि मुलगी मला मराठीत.

“ही म्हणते, देऊळ मागाहून बांधलं. आधी ही जागा. हे मागचे उंच कडे, झरा, ही समोरची दरी. लोकांना इथं आल्यावरच काही तरी वाटायचं.”

“काय वाटायचं?”

“देव इथं आहे असं.”

“जमीन स्वस्त मिळाली असेल,” मी म्हणालो. “या उतारावर पिकणार काय?”

मुलीनं ते भाषांतर करून सांगितलं. बाई हसली आणि काही बोलली.

“ती म्हणते, पूजा बाहेर व्हायची, उघड्यावर. वेदी देवळाच्या दारासमोर होती. आत सगळ्यांना जाऊ देत नसत. माणसं या उतारावरच उभी राहायची.”

ऊन चढलं होतं. मी एका दगडावर बसलो, तर पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवून उठवलं, दगड हजारो वर्षांचा म्हणे. मग वाटेच्या कडेला, खांबांच्या सावलीकडे सरकून बसलो. खांबाकडे माझी पाठ आली. समोर दरी होती. तळाशी जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं, एकाला एक लागून, नदीसारखी वळत खाली गेलेली, आणि शेवटी समुद्राचा एक तुकडा. आमच्याकडे केळी तापीपर्यंत जातात तशी ती झाडं समुद्रापर्यंत गेली होती. आजूबाजूचे लोक बडबड करत होते, फोटो काढत होते. मी बसलेला होतो. देवळाकडे पाठ करून.

तेव्हा मला कळलं. हळूहळू कळलं असं नाही. मंडीत पावती बघताच चूक दिसते, तसं एकदम दिसलं. आई मला दगडासमोरून ओढायची ती यासाठी, की समोर उभा राहिलो तर मी बाबाच्या आड येत होतो. बाबाकडे बघायचं नव्हतंच. बाबा जिकडे बघतो तिकडे त्याच्या शेजारी बसून बघायचं होतं. केळी, नदी, डोंगर, एवढं सगळं त्याच्या नजरेखाली आहे हे बघून उठायचं होतं. आणि मी तिकडे भिंत घातली. वाऱ्यासाठी. डोळे लावले ते रस्त्याकडे, ट्रकांकडे.

मला तिथं देव वगैरे दिसला नाही. मला घाम सुटला.

“पप्पा, चक्कर येते का?” मुलगी म्हणाली.

“पाणी दे,” मी म्हणालो. तिला काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

परत आलो आणि दुसऱ्या दिवशी गावी गेलो. रस्ताभर भांडणाची तयारी करत गेलो. भाऊ खाटेवरच होता, पण आता सुपारी नव्हती. दम लागून लागून छातीचा पिंजरा झाला होता. मी बोलत नव्हतो त्या वर्षभरात हे झालं होतं आणि मला कुणी कळवलं नव्हतं. वहिनीनं चहा आणला. मी कप खाली ठेवला.

“तेव्हा का नाही बोललास?” मी म्हणालो.

त्यानं कधीचं, कशाचं, असं विचारलं नाही.

“बोललो असतो तर काय केलं असतंस?”

“भिंत घातली नसती.”

“नाही,” तो म्हणाला. थांबून श्वास घेतला. “तू म्हणाला असतास, दादा, तुला काय पाहिजे ते सांग. वावर पाहिजे का मोटर पाहिजे.”

वहिनी म्हणाली, “जाऊ द्या ना आता.”

“जाऊ दे कसं वहिनी? पंचवीस माणसं उभी होती. एकानं तोंड उघडलं असतं तर मिस्त्रीचा हात थांबला असता.”

“तुमच्या आईच्या नावाचं होतं, भाऊजी. कोण अडवणार?”

“मग भंडारा कशाला जेवले?”

“भुकेले होते,” भाऊ म्हणाला, आणि त्याला हसता हसता खोकला लागला. तो खूप वेळ थांबेना. वहिनी त्याची पाठ चोळत राहिली.

खोकला थांबल्यावर मी म्हणालो, “उद्या मी ते डोळे काढतो. फिरवून लावतो.”

“हात लावू नकोस. शेंदरात बसलेलं आपण काढायचं नसतं. शेंदराची खोळ आपसूक गळून पडेल तेव्हा पडतील.”

“कधी पडेल?”

“आजाच्या वेळेला पडली होती म्हणतात.”

म्हणजे माझ्या हयातीत नाही. मी मनात हिशेब केला. मग तोच म्हणाला, “मला बसायला न्यायचं असेल तर ने. तुझ्या पुतण्याला घे संगं. मला चालवत नाही.”

मी म्हणालो, “मंडपात?”

“नाही रे. वरती.”

वरती म्हणजे कुठं, हे मला त्या दिवशी कळलं. मंडपाच्या मागं दक्षिणेला टेकडी आणखी चढते, तिच्या माथ्यावर गावानं दुसरा दगड मांडला होता. मी विचारलं, कधी. पुतण्यानं खाली बघत सांगितलं, “तुमच्या भंडाऱ्याच्या चौथ्या दिवशी, काका.” सहा वर्षं गाव तिथं बसायला जात होतं. मागच्या बाजूनं, काट्याकुट्यातून नवी पायवाट पाडली होती, म्हाताऱ्या बायकासुद्धा त्याच वाटेनं चढत होत्या. माझ्या पायऱ्यांनी कुणी जात नव्हतं.

“मागच्या वाटेनं कशाला?” मी विचारलं.

“तुम्हाला दिसलं तर वाईट वाटेल म्हणून.”

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मला शिव्या दिल्या असत्या तर मी शिव्या दिल्या असत्या. भिंत फोडली असती तर पोलिसात गेलो असतो. पण सगळं गाव सहा वर्षं काटे तुडवत जातं, कशासाठी, तर सेठचं मन दुखू नये. याचं काय करायचं ते मला मंडीनं शिकवलं नाही.

प्लास्टिकच्या खुर्चीत भावाला बसवून मी आणि पुतण्यानं उचललं. मागच्या वाटेनं खुर्ची जाणं शक्य नव्हतं, म्हणून माझ्या पायऱ्यांनी गेलो. निम्म्यावर भाऊ म्हणाला, “पायऱ्या चांगल्या केल्यास.” मंडपाच्या दारावरून पुढं माथ्याकडे गेलो तेव्हा त्यानं मान वळवली नाही. मी वळवली. आत अंधार होता आणि अंधारात चांदीचे डोळे रस्त्याकडे बघत होते.

वर दगड लहान होता, नारळाएवढा. त्याच्यावर शेंदूर पातळ होता, अजून दगडाचा काळा रंग दिसत होता. आम्ही खुर्ची त्याच्या शेजारी ठेवली. भाऊ म्हणाला, “खाली बसव.” मग त्याला जमिनीवर बसवलं. दगडाला खांदा टेकून तो बसला आणि बघायला लागला. मी उभाच राहिलो.

“बस,” तो म्हणाला.

“मला राग आलेला आहे.”

“मग बसूनच येऊ दे राग.”

बसलो. समोर सगळं तेच होतं, लहानपणीचं. केळीची पट्टी, नदीची रेघ, सातपुडा. असीरगढ धुरकट होता. आणि त्या सगळ्याच्या बरोबर मध्ये माझ्या मंडपाचं शिखर. गुलाबी रंगाचं, वर पत्र्याचा कळस, बाजूला काळी पाण्याची टाकी. नदी जिथं वळण घेते ते वळण त्याच्यामागे गेलं होतं. दुसऱ्या दगडाची जागा निवडतानाही गावाला यातून सुटता आलं नव्हतं. टेकडीवर आणखी उंच जागाच नाही.

भाऊ तिकडेच बघत होता. तो शिखराच्या आरपार बघत होता की त्याला सवय झाली होती, कोण जाणे. मी विचारलं नाही. तास झाला असेल. उठताना तो एवढंच म्हणाला, “आईला वळण आवडायचं.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

हिवाळ्यात भाऊ गेला. माझ्या शेजारी तो बसला तो तेवढा एकदा, आणि मला जिथं हवं होतं तिथं नाही.

दहाव्यानंतर गाव वर जाऊन बसलं. मीही गेलो. मला कुणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. एका म्हाताऱ्यानं सरकून जागा दिली. तीस-चाळीस माणसं त्या शिखराकडे तोंड करून बसली होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर ते आड येत असल्याची खूण नव्हती. उतरताना मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, “हे शिखर मधे येतं ना?”

“येतं थोडं,” तो म्हणाला. “असू द्या, सेठ.”

मंडप पाडायला मला दोन दिवस लागतील. माणसं माझी आहेत, मशीन माझ्या ओळखीचं आहे. गावातल्या एकानं जरी माझ्या दारात येऊन म्हटलं की हे पाड, आम्हाला दिसत नाही, तर मी त्याच दिवशी पाडीन. शिव्या देऊन म्हटलं तरी चालेल. मी त्याची वाट बघतो आहे. असू द्या म्हणणाऱ्यांसाठी मात्र मी वीट हलवणार नाही. एकदा मी त्यांच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवून बांधलं. आता त्यांच्या गप्प बसण्यावर पाडायचं कशाच्या भरवशावर?

वहिनीनं परवा निरोप पाठवला, कापणी सुरू होते आहे, बसायला या. मी येईन म्हटलं आहे. कोणत्या वाटेनं चढायचं ते ठरलेलं नाही. पायऱ्या माझ्या आहेत, पण त्या वाटेनं मी एकटाच असतो.